बॉम्बर विमानांची 'रेजिमेंट' कुठे असते? आठवीतल्या मुलाचा प्रश्न

खानापूरचा मास्तर
नमस्कार मंडळी. खानापूर तालुक्यातल्या एका मराठी शाळेत मी आठवी-नववीला समाजविज्ञान शिकवतो. परवा वर्गात सैन्यदलांचा धडा चालू होता. आपल्याकडे घरटी एक जण फौजेत, त्यामुळे पोरांना पायदळाची रचना माझ्यापेक्षा चांगली ठाऊक. सेक्शन, प्लाटून, कंपनी, बटालियन हे ती घडाघडा म्हणून दाखवतात. तेवढ्यात मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला. त्याचा मामा मराठा लाइट इन्फन्ट्रीत आहे. म्हणाला, "सर, मामाची रेजिमेंट बेळगावात आहे. मग बॉम्ब टाकणाऱ्या विमानांची रेजिमेंट कुठं असते?"

मला उत्तर देता आलं नाही. "उद्या सांगतो" म्हणालो, त्याला आता चार दिवस झाले. स्क्वाड्रन हा शब्द माहीत आहे, पण त्यात किती विमानं, किती माणसं, तिचा प्रमुख कोण, वर कोण, खाली कोण, काहीच नीट माहीत नाही. आणि आपल्या वायुदलात 'बॉम्बर' म्हणून वेगळी विमानं आज आहेत का? इथं वायुदलातून निवृत्त झालेले बरेच जण आहेत. सांगाल का?

येळ्ळूरचा सागर
सर, चांगला प्रश्न काढलाय पोरानं. वाचत बसतो.

निपाणीकर
सोपं आहे की सर. आर्मीत रेजिमेंट, एअरफोर्समध्ये स्क्वाड्रन. नाव वेगळं, काम तेच. पुण्याला लोहगावात बॉम्बर स्क्वाड्रन आहे. आमच्या पाहुण्यांचं घर तिथं विमाननगरात आहे, दिवसभर डोक्यावरनं जातात.

सांबऱ्याचा फिटर
निपाणीकर, तसं न्हवं. तुमच्या पाहुण्यांच्या डोक्यावरनं जातात ती सुखोई-३०. बॉम्ब टाकतात, पण त्यांना कुणी बॉम्बर म्हणत नाही. पुण्याला खरे बॉम्बर होते ते कॅनबेरा, आता नाहीत.

मास्तर, मी वायुदलात वेपन फिटर, म्हणजे विमानाला बॉम्ब-हत्यारं लावणारा होतो, ज्युनियर वॉरंट ऑफिसर म्हणून बाहेर पडलो. नोकरीतली बरीच वर्षं जग्वार विमानांच्या स्क्वाड्रनमध्ये गेली, आधी अंबाला, मग गोरखपूर. बेसिक ट्रेनिंग मात्र इथंच, आमच्या गावाला लागून असलेल्या एअरमेन ट्रेनिंग स्कूलमध्ये. घरापासून सायकलीनं पंधरा मिनिटं, आणि तरी आई गेटपाशी रडत उभी होती.

रेजिमेंट आणि स्क्वाड्रन यांत मोठा फरक आहे. तुमच्या विद्यार्थ्याचा मामा जन्मभर मराठाच राहणार. बटालियन बदलली तरी टोपीवरचा बिल्ला तोच, आणि परत यायचं घर म्हणजे बेळगावचं सेंटर. वायुदलात तसं नाही. मी आज जग्वारच्या स्क्वाड्रनमध्ये, उद्या माझी पोस्टिंग डेपोत, परवा ट्रेनिंग स्कूलमध्ये इन्स्ट्रक्टर म्हणून. माणूस हलत राहतो, स्क्वाड्रन तीच राहते. आणि गंमत म्हणजे स्क्वाड्रनचं विमानही बदलतं. मग स्क्वाड्रन म्हणजे नेमकं काय उरतं? तर नंबर, बोधचिन्ह आणि काम करायची शिस्त.

रचना अशी, की सगळ्यात वर दिल्लीत वायुदल मुख्यालय. त्याखाली सात कमांड. पश्चिम कमांड दिल्लीला, नैर्ऋत्य गांधीनगरला, मध्य प्रयागराजला, पूर्व शिलाँगला, दक्षिण तिरुवनंतपुरमला. ह्या पाच लढणाऱ्या. उरलेल्या दोन म्हणजे बंगळूरची ट्रेनिंग कमांड, आपलं बेळगावचं सांबरा स्टेशन तिच्याखाली येतं, आणि नागपूरची मेंटेनन्स कमांड. प्रत्येक कमांडवर एअर मार्शल. कमांडखाली स्टेशन किंवा विंग, तिथं एअर कमोडोर नाहीतर ग्रुप कॅप्टन. आणि स्टेशनवर राहतात स्क्वाड्रन. एका लढाऊ स्क्वाड्रनमध्ये साधारण १६ ते १८ विमानं. स्क्वाड्रनच्या पोटात फ्लाइट, त्यावर फ्लाइट कमांडर.

आता चहा घेतो. पुढचं रात्री लिहितो.

शहापूरची मेघना
मामा, एक शंका. स्क्वाड्रनचा प्रमुख म्हणजे स्क्वाड्रन लीडर ना?

सांबऱ्याचा फिटर
नाही बाळ, तिथंच सगळे फसतात. स्क्वाड्रन चालवतो विंग कमांडर, हल्ली बऱ्याच ठिकाणी ग्रुप कॅप्टन. आर्मीचा कॅप्टन वेगळा आणि आमचा ग्रुप कॅप्टन वेगळा. तो आर्मीच्या कर्नलच्या बरोबरीचा. ही नावं ब्रिटिशांच्या वेळची. तेव्हा स्क्वाड्रन लीडर खरोखर स्क्वाड्रन चालवायचा. अर्जन सिंग १९४४ मध्ये इंफाळच्या लढाईत एक नंबर स्क्वाड्रनचे प्रमुख होते तेव्हा ते स्क्वाड्रन लीडरच होते. कामं वाढली, विमानं महाग झाली, हुद्दा वर सरकला, नाव मागं राहिलं.

टिळकवाडी ५३
मेघनाताईंच्या प्रश्नावरून आठवलं. माझा जन्म १९५३ चा. १९६१ च्या डिसेंबरात मी आठ वर्षांचा होतो. महिना सुरू झाल्यापासून खानापूर-लोंढा रस्त्यानं अनमोडच्या दिशेनं लष्कराच्या गाड्याच गाड्या. कॅम्पात पाय ठेवायला जागा नाही. वडील रोज संध्याकाळी म्हणायचे, "गोव्याचं काहीतरी होणार." १८ तारखेला सकाळी सांबऱ्याहून विमानं उठली. तसला आवाज आम्ही आधी कधी ऐकला नव्हता. आई अंगणात सडा घालत होती, तांब्या हातात तसाच राहिला. ती हंटर विमानं होती आणि त्यांनीच गोव्यातल्या दाभोळी विमानतळाचा रनवे उडवला. मग बॉम्बर युनिट आपल्या बेळगावातच होतं असं म्हणायला काय हरकत आहे?

जांबोटीचं धुकं
टिळकवाडी काका, आठवण अंगावर काटा आणणारी आहे, पण एक दुरुस्ती करू का? सांबऱ्याची हंटर दाभोळीला गेली नव्हती. ती सहा हंटर, १७ नंबर स्क्वाड्रनची, बांबोळीच्या वायरलेस स्टेशनवर गेली. रॉकेट आणि तोफांनी ते बंद पाडलं आणि गोव्याचा बाहेरच्या जगाशी संपर्क तुटला. दाभोळीचा रनवे फोडला तो कॅनबेरांनी, आणि त्या पुण्याहून उडाल्या होत्या. पहिल्या लाटेत १२, विंग कमांडर एन. बी. मेनन यांच्या नेतृत्वाखाली. काही मिनिटांत ६३,००० पौंड बॉम्ब. दुसऱ्या लाटेत ८. टर्मिनल आणि बाकीच्या इमारतींना धक्का लावायचा नाही असा हुकूम होता, तो पाळला गेला. तिथं उभी असलेली दोन प्रवासी विमानं शाबूत राहिली. रात्रीत पोर्तुगीजांनी रनवेचे खड्डे कसेबसे भरले आणि ती दोन्ही विमानं अंधारात कराचीला निघून गेली.

मास्तरांच्या प्रश्नाला हे उदाहरण अगदी लागू आहे. एकाच सकाळी, एकाच मोहिमेत, दोन जातीची युनिटं. बॉम्बर स्क्वाड्रन लांब पुण्यात, कारण तिचा पल्ला मोठा, तिला मोठा रनवे, मोठा बॉम्बसाठा लागतो. लढाऊ-हल्ला करणारी स्क्वाड्रन जवळ सांबऱ्यात. आणि दोन्हींवर हुकूम एकाचा, एअर व्हाइस मार्शल एर्लिक पिंटो यांचा.

टिळकवाडी ५३
धन्यवाद. साठ वर्षं मी चुकीचं सांगत आलो म्हणायचं. नातवाला आज रात्री फोन करून दुरुस्त करतो, त्यालाही तेच सांगितलं होतं. आवाज मात्र खरा होता हो.

उचगावकर
आवाज खराच असणार काका. माझी आजी तेव्हा सांबऱ्याजवळ मुतग्याला राहायची. ती म्हणायची, गोठ्यातल्या म्हशीनं दोन दिवस दूध चोरलं.

शहापूरची मेघना
त्या १७ नंबर स्क्वाड्रनचं पुढं काय झालं?

जांबोटीचं धुकं
मेघनाताई, तुम्ही बरोबर नस पकडलीत. त्या स्क्वाड्रनचं नाव 'गोल्डन ॲरोज'. १९६१ मध्ये हंटर घेऊन सांबऱ्यात. १९९९ च्या कारगिलमध्ये तिच्याकडे मिग-२१ होती आणि प्रमुख होते विंग कमांडर बी. एस. धनोआ, जे पुढे वायुदलप्रमुख झाले. २०१६ मध्ये जुनी मिग गेली तशी ती 'नंबर-प्लेट' केली. म्हणजे बरखास्त नाही, नंबर तेवढा जपून ठेवला. २०१९ मध्ये तोच नंबर पुन्हा उभा राहिला, आणि १० सप्टेंबर २०२० ला अंबाल्यात त्याच स्क्वाड्रनमध्ये राफेल दाखल झाली. फिटरमामा म्हणाले ना, माणसं बदलतात, विमान बदलतं, नंबर राहतो. आपल्या सांबऱ्याहून उडालेला नंबर आज राफेलवर आहे.

येळ्ळूरचा सागर
आयला! हे माहीत नव्हतं. शाळेत कुणी सांगितलंच नाही. सर, हे वर्गात सांगाच.

निपाणीकर
मान्य, माझी पुण्याची चूक झाली. पण मग मूळ प्रश्न तसाच राहिला की. कॅनबेरा गेल्या, त्यांच्या जागी काय आलं?

सांबऱ्याचा फिटर
आलो परत. निपाणीकर, ह्याचं उत्तर सरळ आहे आणि जरा दुखरंही. बॉम्बर म्हणून वेगळी जात आपल्याकडे राहिली नाही.

सुरुवात भंगारातनं झाली होती. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन लिबरेटर बॉम्बर कानपूरला मोडून टाकलेली होती, परत कुणी उडवू नयेत म्हणून मुद्दाम निकामी केलेली. एचएएल, म्हणजे आपल्या विमान कारखान्याच्या लोकांनी ती जोडली, कशीबशी उडवत बंगळूरला नेली आणि ठाकठीक केली. त्यातनं १९४८ मध्ये पाच नंबर स्क्वाड्रन उभी राहिली, आपली पहिली हेवी बॉम्बर स्क्वाड्रन. मग १९५७ पासून कॅनबेरा. पाच नंबरच्याच कॅनबेरा १९६१ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेत काँगोला गेल्या. १९७१ मध्ये कॅनबेरांनी कराचीवर हल्ले केले. ११ मे २००७ ला आग्र्याला शेवटची उतरली. पन्नास वर्षं.

मी नोकरीला लागलो तेव्हा जुने वॉरंट ऑफिसर कॅनबेराच्या गोष्टी सांगायचे. आपल्या बॉम्बर कॅनबेरात दोन माणसं. पायलट वर काचेच्या घुमटाखाली, त्याला इजेक्शन सीट. नॅव्हिगेटर खाली पुढच्या नाकात, आणि त्याला इजेक्शन सीट नाही. काही झालं तर त्यानं दारापर्यंत सरपटत जायचं आणि उडी मारायची. बॉम्ब सोडताना तो पालथा पडून नेम धरायचा. त्यामुळे त्या स्क्वाड्रनमध्ये पायलट आणि नॅव्हिगेटरची जोडी जमवणं हे कमांडरचं मोठं काम असायचं. जोडी सहसा फोडायचे नाहीत.

१९७९ पासून जग्वार आलं. एचएएल बंगळूरलाही बनलं, आपल्याकडचं नाव 'शमशेर'. एक पायलट, दोन इंजिनं, आणि काम एकच, जमिनीलगत शिरून आत खोलवर मारा करायचा. ह्याला डीप पेनिट्रेशन स्ट्राइक म्हणतात. माझी लिबरेटरवाली पाच नंबर स्क्वाड्रन पुढं कॅनबेरावर आणि नंतर जग्वारवरच गेली. माझी म्हणालो, कारण अंबाल्याला मी त्याच पाच नंबरात होतो. म्हणून तुमच्या मुलाला सांगा, बॉम्बर गेले, बॉम्बर स्क्वाड्रन गेल्या नाहीत. त्यांना आता स्ट्राइक म्हणतात. जग्वारच्या सहा स्क्वाड्रन आहेत. त्यातली जामनगरची सहा नंबर तर समुद्रावर, जहाजांवर मारा करण्यासाठी.

कारवारचा पंत
अवांतर होईल, पण लिहितोच. विशाखापट्टणमला समुद्रकिनाऱ्यावर टीयू-१४२ विमानाचं संग्रहालय आहे. मी गेलो होतो, आतून फिरता येतं. चार इंजिनं, प्रत्येकावर उलटसुलट फिरणारे दोन-दोन पंखे. आमच्या गाइडनं "हा आपला बॉम्बर" असं सांगितलं. मग आपल्याकडे मोठा बॉम्बर होता ना?

जांबोटीचं धुकं
पंत, गाइडचं अर्धं बरोबर. टीयू-१४२ हे रशियाच्या टीयू-९५ बॉम्बरवर बेतलेलं, पण काम पाणबुड्या शोधायचं. आणि ते वायुदलाचं नव्हे, नौदलाचं. अरक्कोणमच्या आयएनएस राजाळीवर असायचं, २०१७ मध्ये निवृत्त झालं.

चंदगडी
मी हद्दीच्या पलीकडचा, तरी लिहितो. मला हे पटत नाही. "बॉम्बर नाहीत पण स्ट्राइक आहेत" ही मनाची समजूत झाली. अमेरिका, रशिया, चीन, तिघांकडे खरे बॉम्बर आहेत आणि त्यांची स्वतंत्र फौज आहे. आपल्याकडे मंजूर स्क्वाड्रन ४२, आणि २६ सप्टेंबर २०२५ ला मिग-२१ गेल्यावर उरल्या २९. बॉम्बर राहू द्या, स्क्वाड्रनच पुऱ्या नाहीत. पोरांना हेही सांगायला पाहिजे.

जांबोटीचं धुकं
चंदगडी, आकडे बरोबर आहेत आणि काळजीही रास्त आहे. पण त्या तिघांची रचना बघा, मग बोलू.

अमेरिकेत सगळे बॉम्बर एका कमांडखाली आहेत, ग्लोबल स्ट्राइक कमांड, मुख्यालय लुइझियानातल्या बार्क्सडेलला. तिच्याखाली आठवं एअर फोर्स, त्याखाली बॉम्ब विंग. त्यांच्याकडे विंग हाच मुख्य घटक. विंगच्या आत एक गट विमानं उडवणाऱ्यांचा, एक दुरुस्तीचा, एक तळ चालवणाऱ्यांचा, एक वैद्यकीय. नॉर्थ डकोटातल्या मायनॉटला पाचवी बॉम्ब विंग, तिच्यात बी-५२ च्या दोन स्क्वाड्रन. मिसुरीतल्या व्हाइटमनला ५०९ वी, तिच्याकडे बी-२. एकूण २१ बी-२ बांधली, आज १९ आहेत. म्हणजे जगातलं सगळ्यात महाग बॉम्बर दल आपल्या एका जग्वार स्क्वाड्रनपेक्षा जेमतेम मोठं. आणि ५०९ हा नंबर कुठला? १९४५ मध्ये हिरोशिमावर बॉम्ब टाकणाऱ्या गटाचा. नंबर तिथंही जपतात.

रशियात मात्र मुलाचा शब्द बरोबर ठरतो. तिथं खरोखर बॉम्बर 'रेजिमेंट' आहेत. लाँग रेंज एव्हिएशन, त्याखाली हेवी बॉम्बर डिव्हिजन, त्याखाली रेजिमेंट. व्होल्गाकाठच्या एंगेल्सला टीयू-१६० ची रेजिमेंट आहे. मास्तर, त्या पोराला हे नक्की सांगा, त्याचा प्रश्न चुकीचा नव्हता.

पण अशी सगळी बॉम्बर मोजक्या तळांवर गोळा केली की काय होतं तेही दिसलं. १ जून २०२५ ला युक्रेननं ट्रकमधून छोटे ड्रोन सोडून इर्कुत्स्कजवळच्या बेलाया आणि उत्तरेकडच्या ओलेन्या तळावरची उभी बॉम्बर जाळली. तसलं विमान आज नव्यानं चटकन बनत नाही.

चंदगडी
हा मुद्दा मानतो. पण एकच कमांड असण्याचा फायदा तर असेलच?

सांबऱ्याचा फिटर
फायदा मोठा आहे, आणि तो अमेरिकेला ठेच लागून कळला. ही गोष्ट आम्हाला ट्रेनिंगमध्ये सांगायचे, आणि मी इन्स्ट्रक्टर झाल्यावर मीही सांगायचो.

शीतयुद्धात त्यांची स्ट्रॅटेजिक एअर कमांड होती, १९९२ मध्ये ती मोडली. बॉम्बर दुसऱ्या कमांडमध्ये गेले, लढाऊ विमानांबरोबर. कडक नियम हळूहळू सैल पडले. ऑगस्ट २००७ मध्ये मायनॉटच्या एका बी-५२ ला पंखाखाली जुनी क्षेपणास्त्रं लावली, बार्क्सडेलला न्यायची होती. ती रिकामी असायला पाहिजेत. त्यातल्या सहांवर खरे अणुबॉम्ब होते. गोदामातनं काढणाऱ्यानं बघितलं नाही, ओढून नेणाऱ्यानं बघितलं नाही, लावणाऱ्यानं बघितलं नाही, उडवणाऱ्यानं एकाच पंखाखालचं तपासलं, आणि ते दुसऱ्या पंखाखाली होते. दीड दिवस जगातली सहा अण्वस्त्रं कुठं आहेत हे कुणालाच माहीत नव्हतं. पुढच्या वर्षी त्यांच्या वायुदलाच्या सचिवाला आणि प्रमुखाला, दोघांनाही जावं लागलं. २००९ मध्ये ग्लोबल स्ट्राइक कमांड उभी केली ती ह्यामुळं.

मी बॉम्ब लावणारा माणूस. ही गोष्ट मी कधीच "अमेरिकेत झालं" म्हणून ऐकली नाही. माझ्या हातून होऊ शकतं म्हणून ऐकली.

हुक्केरीची वैशाली
मामा, एक विमान तयार कसं होतं ते सांगा ना. म्हणजे लोक पायलटचं नाव घेतात, पण बॉम्ब कोण लावतं हे मी कधी वाचलंच नाही.

सांबऱ्याचा फिटर
सांगतो. गुपित काही नाही त्यात, आणि जे सांगू नये ते सांगणार नाही.

गोरखपूरचा मे महिना धरा. टारमॅकवर दुपारी बुटाचा तळ चिकटतो. बॉम्बचा साठा स्टेशनच्या एका कडेला, वस्तीपासून लांब, मातीच्या भिंतींआड. तिथनं ट्रॉली निघते, हळू, माणूस चालतो त्या वेगानं. ट्रॉलीवर हजार पौंडी. ती विमानाच्या पंखाखाली आली की आमची टोळी. एक प्रमुख, बाकी मदतीला. बॉम्ब वर उचलायचा, त्याच्या पाठीवरच्या दोन कड्या रॅकच्या हुकात बसवायच्या. बसल्याचा आवाज येतो, 'खट्ट'. एकच आला तर बसलेलं नाही. दोन यायला पाहिजेत. मग दोन्ही बाजूंनी आधाराचे स्क्रू सारखे आवळायचे, बॉम्ब डोलता कामा नये. सगळीकडे सेफ्टी पिना, प्रत्येकीला लाल फडकं.

मग जो लावतो तो तपासत नाही, तपासणारा दुसरा. तो पिना मोजतो, हातानं, डोळ्यानं नव्हे. मग फॉर्म ७०० मध्ये, म्हणजे विमानाच्या नोंदवहीत, सह्या. एअरफ्रेमवाला, इंजिनवाला, इलेक्ट्रिकलवाला, इन्स्ट्रुमेंटवाला, रेडिओवाला, आणि मी. पायलट येतो, विमानाभोवती एक फेरी मारतो, सगळ्यांच्या सह्या बघून आपली करतो. इंजिन चालू झाल्यावर शेवटच्या क्षणी पिना काढायच्या. काढलेल्या पिना हातात धरून, लाल फडकी वाऱ्यावर, पायलटला दिसतील अशा वर करायच्या. तो मोजतो. अंगठा दाखवतो. मग जातो.

ह्यालाच मी बॉम्बर युनिट म्हणतो, मास्तर. आकाशात एक जातो. त्याच्यामागं सह्या करणारे किती!

एकदा पोखरणच्या बॉम्बसरावाच्या रेंजवर आमचं विमान गेलं होतं आणि परत येताना मी पंखाखाली बघत होतो. रॅक रिकामा. शेजारी उभा असलेला कॉर्पोरल, मिरजेचा पोरगा, म्हणाला, "साहेब, सुटला." एवढंच. त्या दिवशी आम्ही दोघं जेवलो नाही, नुसते चहा पीत बसलो.

शहापूरची मेघना
मामा, शेवटचा परिच्छेद तीनदा वाचला.

कॅम्पातली सूनबाई
नवरा एअरफोर्समध्ये सर्जंट आहे, म्हणून बायकांच्या बाजूनं लिहिते. स्टेशन आणि स्क्वाड्रन वेगळं, हे मला लग्नानंतर वर्षानं कळलं. स्टेशन म्हणजे गाव. हॉस्पिटल, शाळा, कँटीन, गाड्या, पहारा, कंट्रोल टॉवर, सगळं स्टेशनचं. स्क्वाड्रन म्हणजे त्या गावात राहणारं एक मोठं बिऱ्हाड. उद्या हुकूम आला की बिऱ्हाड उचलून दुसऱ्या तळावर, त्याला डिटॅचमेंट म्हणतात. विमानं पुढं, हत्यारं-सामान-माणसं मागनं मालवाहू विमानात. एका रात्रीत आमच्या ब्लॉकमधली निम्मी घरं बाप्यांशिवाय झाली होती. कुठं गेले, कधी येणार, विचारायचं नाही. शेजारची पंजाबी वहिनी आणि मी दोघींनी मिळून तिच्या पोराचा वाढदिवस केला. मी आईकडून आलेला कुंदा वाटला, तिला तो खवा वाटला.

स्क्वाड्रन उचलता यावी अशीच बांधलेली असते. मला वाटतं, सरांच्या विद्यार्थ्याला हे पटकन कळेल.

उचगावकर
सूनबाई, कुंद्याला खवा म्हणणारीला मांडे खायला घाला, वाद मिटेल.

जांबोटीचं धुकं
वहिनींनी जे लिहिलं ते आजच्या रचनेचं मर्म आहे. स्क्वाड्रन हे घर, पण लढायला घर जसंच्या तसं जात नाही. लढाईला जातं ते 'पॅकेज'. २६ फेब्रुवारी २०१९ चं बालाकोट घ्या. मारा करायला १२ मिराज २०००. पण सोबत संरक्षणाला सुखोई, हवेतून नजर ठेवणारं रडारचं विमान, हवेत इंधन भरणारं विमान. वेगवेगळ्या स्क्वाड्रनची विमानं एका रात्रीपुरती एकत्र येतात, काम करतात आणि आपापल्या घरी जातात. अमेरिकाही २०२० पासून तेच करते. बॉम्बर कायम परदेशात ठेवत नाही. चार-सहा विमानांची तुकडी काही आठवडे दिएगो गार्सियासारख्या बेटावर, मग परत. जून २०२५ मध्ये इराणवर गेलेली सात बी-२ तर मिसुरीतून निघाली आणि मिसुरीतच परतली.

चंदगडी, म्हणून म्हणतो, मोठा बॉम्बर नसणं हीच एक उणीव नाही. लांबून मारा करणारं अस्त्र लढाऊ विमानाला लावता आलं की तेच काम होतं. तंजावरला जानेवारी २०२० मध्ये २२२ नंबर स्क्वाड्रन उभी केली, सुखोईच्या पोटाखाली अडीच टनांचं ब्रह्मोस क्षेपणास्त्र. आपल्या दक्षिणेत आज बॉम्बर युनिटच्या सगळ्यात जवळ जाणारं ते आहे. उणीव आहे ती इंधन भरणाऱ्या आणि रडारच्या विमानांची. पॅकेज त्यांच्याशिवाय बांधता येत नाही.

चंदगडी
हे पटलं. ४२ आणि २९ चं दुखणं मात्र राहणार.

सांबऱ्याचा फिटर
राहणार. ते मलाही झोंबतं. स्क्वाड्रन कमी झाली की नुसती १८ विमानं जात नाहीत. सह्या करणाऱ्या हातांची एक पिढी पांगते, ती परत जमवायला वर्षं लागतात.

खानापूरचा मास्तर
मंडळी, काय लिहू! काल सगळं फळ्यावर मांडलं. सात कमांड, स्टेशन, स्क्वाड्रन, फ्लाइट. पोरांना पाठ व्हायला दहा मिनिटं लागली. सांबऱ्याची हंटर आणि आजची राफेल सांगितली तेव्हा वर्ग गप्प झाला. मग म्हशीनं दूध चोरल्याचं सांगितलं, तेव्हा फुटला. रशियात बॉम्बर रेजिमेंट असतात हे कळल्यावर त्या मुलानं शेजाऱ्याला कोपरानं ढोसलं, "बघ, म्हटलं नव्हतं?"

शेवटी फिटरमामांचा पिनांचा मजकूर जसाच्या तसा वाचून दाखवला. तास संपल्यावर तोच मुलगा माझ्यामागं स्टाफरूमपर्यंत आला. म्हणाला, "सर, पायलट नको. तो पिना दाखवणारा व्हायला काय शिकायला लागतं?"

मामा, आता हे तुम्हीच सांगा.

सांबऱ्याचा फिटर
मास्तर, त्याला सांगा, बारावीला गणित, भौतिकशास्त्र आणि इंग्रजी घे. एकूण ५० टक्के आणि इंग्रजीत वेगळे ५० टक्के पाहिजेत. आपली मराठी शाळेची पोरं गणितात मागं नसतात, इंग्रजीत अडकतात, आणि फॉर्म भरायच्या वेळी कळतं. आत्ता आठवीत आहे, हातात चार वर्षं आहेत. भरती आता अग्निवीरवायू म्हणून, चार वर्षांची, त्यातल्या २५ टक्क्यांनाच पुढं ठेवतात. हे त्याच्या घरच्यांनाही आधीच सांगा, नंतर रडारड नको.

मी शनिवारी अकरा वाजता शाळेत येतो. खऱ्या पिना आणता येणार नाहीत, लाकडाच्या करून आणतो, लाल कापड घरी आहे. पोरांना दोन-दोनच्या जोड्या करून बसवा. एकानं लावायची, दुसऱ्यानं मोजायची. आणि मोजताना हात लावून मोजायचं, हे आधीच सांगून ठेवा.

येळ्ळूरचा सागर
मामा, लाकूड मी देतो. आमच्या गल्लीत सुताराचा कारखाना आहे, शुक्रवारी संध्याकाळी पोचवतो. किती पिना करायच्या?

सांबऱ्याचा फिटर
चाळीस कर. दोन जास्तीच्या लपवून ठेवू. बघू कोण मोजताना पकडतं.